लंडनचा मांडव आणि आपला कवडसा

गेल्या अंकात मी सहज चार ओळी टाकल्या होत्या, लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या लाकडी पॅव्हेलियनबद्दल, की एका बांगलादेशी आर्किटेक्टबाईंनी शामियान्यावरून सुचलेली वास्तू तिकडे उभी केली आणि पाच महिन्यांत ती बंदही झाली. त्यावर एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. गच्चीच्या गळतीचे प्रश्न पाठवलेल्यांनी रागावू नका, तुमचं पुढच्या वेळी, पाऊस सुरू व्हायच्या आत नक्की.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, २०२५ च्या जुलैत मुलाकडे लंडनला होते. सूनबाई म्हणाली चला आई तुम्हाला एक मंडप दाखवते. गेलो. लाकडाच्या कमानी, मधे एक झाड, आत बसायला बाकं आणि थोडी पुस्तकं, बस्स एवढंच. ऊन आत येत होतं पण टोचत नव्हतं एवढं मात्र खरं. पण मला सांग, इतकं चांगलं लाकूड घालून ऑक्टोबरात काढून टाकायचं हे काय शहाणपण? आमच्या चौकातल्या गणपतीचा मांडव याच्यापेक्षा भारी असतो. (एक आजी, नाशिक)

उत्तर : काकू, "ऊन आत येत होतं पण टोचत नव्हतं" हे जे तुम्ही जाताजाता लिहून टाकलंय ना, त्याच एका गोष्टीसाठी तिथला सगळा खटाटोप होता, त्यामुळे तुम्हाला मंडप कळला नाही असं अजिबात समजू नका.

तुम्ही बघितलात तो सर्पेंटाइन गॅलरीचा २०२५ चा पॅव्हेलियन, नाव 'अ कॅप्सूल इन टाइम', आर्किटेक्ट ढाक्याच्या मरिना तबस्सुम. ६ जूनला उघडला आणि २६ ऑक्टोबरला बंद झाला. ही गॅलरी म्हणजे मुळात १९३४ साली बांधलेलं बागेतलं चहापानाचं घर, त्याची १९७० मध्ये गॅलरी झाली आणि २००० साली तिला तीस वर्षं झाली म्हणून निधी गोळा करायला एक मोठं जेवण ठरलं, त्या जेवणासाठी आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी बाहेर हिरवळीवर तंबू उभारून दिला. म्हणजे बघा, सुरुवातच जेवणावळीच्या मांडवाने! तो लोकांना एवढा आवडला की ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवला, आणि मग दर उन्हाळ्यात एका आर्किटेक्टला बोलवायचं असा पायंडाच पडला. अट एकच पण मजेशीर, बोलावणं जाईल तेव्हा त्या माणसाची इंग्लंडात एकही इमारत बांधून झालेली नसावी. म्हणून तिथे चिलीचे, जपानचे, बुर्किना फासोचे, मेक्सिकोचे लोक येऊन गेले, आणि कुणीही आलं तरी आपलं ऊन आणि आपली सावली डोक्यात घेऊनच येणार की.

तबस्सुमबाईंनी आणला शामियाना. बंगालमधे लग्नाला, जेवणाला, सभेला बांबू ठोकून वर कापड ताणतात तोच, आपल्याकडेही तोच. फक्त त्यांनी कापड आणलं नाही, झालर आणली नाही, लाल-पिवळे त्रिकोण आणले नाहीत. कापडाखाली बसल्यावर उजेड जसा मऊ होतो, सगळीकडे सारखा पसरतो, सावलीला धारच राहत नाही, तेवढंच उचललं. पातळ फळ्या चिकटवून केलेल्या लाकडाच्या कमानी, त्यांच्यामधे अर्धपारदर्शक पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक प्लास्टिकचे पत्रे, अशा चार वेगवेगळ्या कुप्या आणि मधे फटी. त्यातली एक कुपी सरकते, म्हणजे कार्यक्रम मोठा असेल तर सरकवून दुसरीला भिडवायची आणि जागा वाढवायची. मधलं झाड गिंकोचं, जूनमधे हिरवं आणि ऑक्टोबरकडे जाताना सोनेरी पिवळं होत जाणारं, आणि नंतर ते बागेतच लावायचं असं आधीच ठरवलेलं. पुस्तकं तुम्ही उघडून बघितलीत का? बंगाली साहित्य, कविता, तिथलं निसर्गजीवन असली निवड होती, कारण बाईंच्या मनात असं होतं की पॅव्हेलियन उतरला की पुढे कुठेतरी त्याचं सगळ्यांसाठी वाचनालय व्हावं.

आता मोडण्याचं. मांडव मोडायचाच असतो काकू, मुहूर्तमेढ रोवतो तेव्हाच ते ठरलेलं असतं आणि त्यात आपल्याला कधी वाईट वाटत नाही. तबस्सुमबाई ज्या देशातून आल्या तिथे तर जमीनसुद्धा कायमची नसते, नदी वळली की चर, म्हणजे नदीतली गाळाची बेटं, वाहून जातात आणि दुसरीकडे वर येतात. त्यांनी अशा बेटांवरच्या लोकांसाठी 'खुदी बाडी' म्हणून एक चिमुकलं घर केलंय, बांबूचं, लोखंडी जोडांचं, दोन मजली म्हणजे पुराचं पाणी आलं तर वर चढून बसायचं आणि जमीनच गेली तर घर सोडवून घेऊन दुसरीकडे उभारायचं. त्याला वास्तुकलेचा २०२५ चा आगा खान पुरस्कार मिळाला. माझ्या मते लंडनच्या पॅव्हेलियनपेक्षा ते कितीतरी मोठं काम आहे, पण फोटो मात्र पॅव्हेलियनचेच फिरले, चालायचंच.

गणपतीच्या मांडवाबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही, हरेन.

प्रश्न : मॅडम, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतो तेव्हा, सगळे म्हणतात "लाइट डिझाइन कर", पण कुणी नीट सांगत नाही की सूर्यप्रकाश डिझाइन करायचा म्हणजे नक्की काय करायचं. आम्ही सॉफ्टवेअरमधे तारीख टाकतो, सुंदर पिवळे पट्टे येतात, रेंडर काढतो, संपलं. (विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अरे आधी तो लॅपटॉप बंद कर आणि एक खिळा घे. पुठ्ठ्यावर १० सेंमी वर राहील असा सरळ उभा ठोक आणि गच्चीवर जा. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी त्या खिळ्याला सावलीच नसते, कारण सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. डिसेंबरच्या २१ तारखेला तीच सावली साडेआठ सेंमीच्या आसपास जाते, उत्तरेकडे. आता हाच खिळा लंडनला ने. जूनमधे, म्हणजे त्यांचा सूर्य सगळ्यात उंच असताना, भर दुपारी सुद्धा तो जेमतेम ६२ अंशावर, सावली पाच सेंमीहून थोडी जास्त. पॅव्हेलियन बंद होताना ऑक्टोबरअखेरीस सूर्य २६ अंशावर उतरलेला, सावली वीस सेंमी. डिसेंबरला तर पंधरा अंश, सावली ३७ सेंमी!

यातून काय कळतं? आपल्याकडे ऊन वरून कोसळतं, म्हणून आपला मांडव म्हणजे छत, बाजू उघड्या सोडल्या तरी चालतं, उलट वारा येतो. तिकडे ऊन तिरकं, बाजूने येतं, त्यामुळे नुसतं छत केलंस तर ऊन खालून आत घुसणार, म्हणजे तिकडे भिंतीने पण काम केलं पाहिजे. तबस्सुमबाईंच्या कुप्यांमधे भिंत आणि छत वेगळं काढताच येत नाही, वाकलेली भिंतच वर जाऊन छत होते आणि खालपासून वरपर्यंत ऊन गाळत राहते. आणि सगळा आकार उत्तर-दक्षिण लांब, म्हणजे एक लांब अंग सकाळच्या उन्हाला आणि दुसरं संध्याकाळच्या. कुप्यांच्या मधल्या फटीतून मात्र ऊन न गाळता सरळ आत येतं, तेवढा एक कडक पट्टा. आत सगळं मऊ आणि मधे एक धारदार, नुसतं मऊ ठेवलं असतं तर ढगाळ दिवशी बसल्यासारखं वाटलं असतं.

दुसरं उदाहरण त्याच हिरवळीवरचं, २०१८ चं, मेक्सिकोच्या फ्रिडा एस्कोबेदो यांचं. मेक्सिकोत घरांना 'सेलोसिया' म्हणून जाळीच्या भिंती असतात, हवा आत, नजर बाहेर, आपल्या जाळीची सख्खी मावसबहीण समज. त्यांनी ती जाळी केली कशाची, तर इंग्लंडात छपरावर घालायच्या साध्या सिमेंटच्या कौलांची! एकावर एक रचून. बाहेरच्या भिंती गॅलरीला समांतर, पण आतला चौक फिरवून अगदी उत्तरेकडे रोखलेला, ग्रिनिचच्या रेषेला धरून, म्हणजे जिथून सगळं जग घड्याळ लावतं ती रेषा. वरचं छत खालून आरशासारखं चकचकीत आणि खाली जमिनीवर पाण्याचा एक उथळ त्रिकोण. सूर्य सरकेल तशा जाळीच्या सावल्या सरकणार, पाण्यात आणि आरशात दुप्पट होणार. घड्याळच झालं ते, आत शिरून बसता येईल असं.

आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेलास तर खिळ्याची सावली दुपारी दक्षिणेला पडलेली दिसेल, कारण तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो, आपली "दक्षिणेचं ऊन, उत्तरेचा थंड उजेड" ही सगळी पाठांतरं उलटी होतात. अभ्यासाला आलेल्या पोरांचा पहिला घोटाळा तिथेच होतो.

अजून एक गंमत करून बघ. झावळ्यांच्या मांडवाखाली जमिनीवर जे कवडसे पडतात ते गोल असतात, हो की नाही? पण झावळीतली भोकं कुठे गोल असतात, ती वेडीवाकडी, चिरलेली. तरी कवडसा गोल, कारण तो भोकाचा नाही, सूर्याचा आकार असतो. भोक लहान आणि जमीन लांब असली की प्रत्येक भोक एकेक सूर्य खाली पाडतं, खंडग्रास ग्रहण लागलं की त्याच मांडवाखाली सगळे कवडसे कोरीच्या चंद्रासारखे होतात. तबस्सुमबाईंची ढाक्यातली बैत उर रौफ मशीद फोटोत तरी बघून घे, विटांची, ना घुमट ना मिनार, जागा त्यांच्या आजीने दिलेली, आणि नमाजाच्या दालनाच्या छताला इकडेतिकडे विखुरलेली छोटी गोल भोकं. खाली जमिनीवर नुसते कवडसे, बाकी सजावट काही नाहीच. कवडसा किती मोठा पडेल हे भोकाच्या मापावर आणि छताच्या उंचीवर ठरतं, ते वहीत मांडता येतं. लाइट डिझाइन म्हणजे हे. तुझ्या ज्युरीत पुढच्या वेळी खिळा घेऊनच उभा राहा, मार्क कमी पडले तर मला कळव.

प्रश्न : सांस्कृतिक देवाणघेवाण वगैरे शब्द ऐकले की मला संशय येतो. आपल्या कारागिरांकडून स्वस्तात काम करून घ्यायचं, परदेशात "एक्झॉटिक" म्हणून ठेवायचं आणि टाळ्या घ्यायच्या. देवाण दिसते, घेवाण कुठे आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचा संशय ठेवा, तो कामाचा आहे. पण एक उदाहरण सांगते, त्यात आपल्या सह्याद्रीची काडी आहे म्हणून.

मेलबर्नमधे क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समधे २०१४ पासून असेच हंगामी पॅव्हेलियन उभारायला लागले, नाव 'एमपॅव्हेलियन'. २०१६ चा केला 'स्टुडिओ मुंबई' या संस्थेच्या आर्किटेक्ट बिजॉय जैन यांनी, म्हणजे ज्यांनी अलिबागजवळ नांदगावला ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांचं ते नाव झालेलं घर बांधलं तेच. १६.८ मीटर चौरस, त्यात सात किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोरी, पाच हजार लाकडी खुंट्या आणि पन्नास टन निळसर काळा दगड. आता नीट बघा कुठून काय आलं. बांबू भारतातून. दगड तिथलाच, व्हिक्टोरिया राज्यातला. आणि छताचे पडदे कारवीचे!

कारवी म्हणजे तीच, जी सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरभर जांभळी फुलते आणि बी धरून वाळते. कोकणात, मावळात घरांचे कूड कशाचे असायचे, कारवीचेच की. काड्या एकाला एक लावून बांधायच्या, वर शेणमातीचा गिलावा. आमच्या आजोळी मागच्या पडवीचा कूड अर्धा लिंपलेला आणि अर्धा तसाच राहिलेला होता, बहुतेक आळसानेच, पण त्या उघड्या अर्ध्यातून सकाळचं ऊन चुलीच्या धुरात घुसायचं आणि धुराला रेघा पडायच्या, त्या बोटाने कापता येतात का हे आम्ही तासन्‌तास बघायचो. जैन यांनी तोच न लिंपलेला कूड उचलून आडवा केला आणि डोक्यावर धरला, एवढंच. भारतात कारागिरांनी महिनोन्‌महिने त्या काड्या शिवून पडदे केले, ते जहाजाने गेले आणि तिथल्या बांधकामवाल्यांनी बांबूला दोरीने बांधले. छताच्या मधोमध भोक, खाली त्याच्या बरोबर सोनेरी कडेची विहिरीसारखी खाच. दाराशी बारा मीटर उंच ताजिया, आपल्याकडे मोहरममधे ताबूत निघतात तसा, तोही इकडेच घडवलेला.

घेवाण कुठे म्हणता? एक तर दगड त्यांचा, ऊन त्यांचं, म्हणजे अर्धी इमारत तिथली झाली. दुसरं, दोरीने बांधलेला सांधा नियमात कसा बसवायचा हे तिथल्या इंजिनिअरांना बसून सोडवावं लागलं असणार, कारण तिकडे एवढ्या मोठ्या बांबूच्या बांधकामाची सवयच नाही. आपल्याकडे बुरूड आणि मांडववाले जे काम हाताच्या अंदाजाने करतात त्याला तिथे आकडे लागले, आणि ही मला खरी घेवाण वाटते. मुंबई-पुण्यात बांबूचं पक्कं बांधकाम मंजूर करून घ्यायला गेलं की समोरचा साहेब विचारतो "बांबू? म्हणजे झोपडपट्टी?" त्या साहेबाला दाखवायला मेलबर्नचा कागद असला तर बरंच पडतं. वाईट एवढंच की आपल्याच कुडाचं सर्टिफिकेट आपल्याला बाहेरून आणावं लागतं.

माझी कसोटी साधी आहे. नक्षी उचलली की शोभा, काम उचललं की देवाणघेवाण. कुणी परदेशात वारलीची चित्रं भिंतीवर छापून "भारतीय पॅव्हेलियन" म्हणेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. मजुरीचा प्रश्न मात्र तुम्ही विचारलात तो बरोबरच आहे आणि तो प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे, अगदी आपल्या गावातल्या मांडवालासुद्धा.

प्रश्न : हे सगळं नंतर जातं कुठे? भंगारात? (बारामती)

उत्तर : नाही हो. सर्पेंटाइनचे पॅव्हेलियन विकले जातात, घेणारा उतरवून नेतो आणि दुसरीकडे परत उभारतो. मेलबर्नचे भेट दिले जायचे, जैन यांचा तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेला. म्हणून तर सुटे होतील असे सांधे, खुंट्या, बोल्ट. वरचं सगळं जातं पण खाली पाया घातलेला असेल तर तो उचलून कुठे नेणार, यावरून तिकडेही टीका होतेच आणि ती मला पटते. आपला मांडववाला खड्डा खणतो, खांब रोवतो, नंतर माती दाबून निघून जातो. गणपतीनंतर रस्त्यात उरलेले खड्डे हा वेगळा विषय, त्यावर मला बोलायला लावू नका.

प्रश्न : ताई, आमच्याकडे एवढं मोठं काही नाही, मुलीचा साखरपुडा आहे मे महिन्यात, सोसायटीच्या गच्चीवर, साठ-सत्तर माणसं, वेळ दुपारी साडेतीन ते सहा. मांडववाला म्हणतो निळी ताडपत्री टाकतो, पाऊस आला तरी टेन्शन नको. आमचे हे म्हणतात हिरवी शेडनेट स्वस्त पडेल. तुम्ही त्या लंडनच्या मऊ उजेडाचं लिहिलंत तसं काही कमी पैशात होईल का? (पिंपरी)

उत्तर : होईल की, आणि लंडनपेक्षा स्वस्तात होईल.

निळी ताडपत्री अजिबात नको. माझ्या मावसबहिणीच्या हळदीला ती टाकलेली, भर दुपारची, आणि अल्बममधे हळद लागलेली नवरी चक्क हिरवी दिसते, पिवळ्यावर निळा उजेड पडला की दुसरं काय होणार, सासूबाई तर जांभळ्या. आजही तो अल्बम कुणी पाहुण्यांना दाखवत नाही. हिरवी शेडनेट पण तसलीच, सगळे आजारी दिसतात. लाल-केशरी शामियाना त्यातल्या त्यात बरा कारण चेहरे निदान उबदार दिसतात, पण साड्यांचे रंग मारले जातात.

पांढरं किंवा धुवट मांजरपाट घ्या, न रंगवलेलं. एकाच्या वर एक दोन थर, मधे हातभर अंतर सोडून, म्हणजे वरचा थर तापतो आणि मधली हवा बाजूने निघून जाते, खालच्याला झळ कमी लागते. पांढरी शेडनेट मिळाली तर वरचा थर तिचा केलात तरी चालेल. कापड एकदम सपाट ताणू नका, मधे उंच आणि कडेला उतरतं घ्या, अवकाळी आला तर पाण्याची झोळी होत नाही. गच्चीवर वारा असतो म्हणून दोऱ्या कठड्याच्या ग्रिलला नाही, पाण्याची भरलेली पिंपं ठेवून त्यांना किंवा पक्क्या कॉलमला बांधायला सांगा, ग्रिल उपटून आलेलं मी बघितलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची वेळ साडेतीन ते सहा आहे. तेव्हा ऊन डोक्यावरून येत नाही, तिरकं होत जातं, पश्चिमेकडून, थोडं उत्तरेला कललेलं, मांडवाच्या खालून सरळ डोळ्यात येतं. म्हणजे त्या दोन-अडीच तासांपुरती तुमची गच्ची लंडनच झाली. छतावर सगळे पैसे घालू नका, पश्चिमेच्या बाजूला बांबूच्या चिकाचे पडदे सोडा, जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवून, वारा खालून येत राहील. चिकातून बारीक रेघा पडतील त्या फोटोत छान दिसतात, पण मुलीच्या चेहऱ्यावर पडल्या तर वाघिणीसारखी दिसेल, म्हणून पाट पडद्यापासून निदान दहा फूट लांब मांडा. आदल्या दिवशी बरोबर साडेचारला मुलीला तिथे खुर्ची टाकून बसवा आणि मोबाइलवर एक फोटो काढून बघा. आणि मांडववाल्याला अ‍ॅडव्हान्स तो फोटो बघितल्यावरच द्या.